सीमाभागातील करदात्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात अनेकांचे घर एका राज्यात, कामाचे ठिकाण दुसऱ्या राज्यात आणि गिऱ्हाईक दोन्हीकडचे असते. त्यामुळे इथे कराचा कोणताही प्रश्न आला की आधी हे पाहावे लागते, की तो कर राज्याची हद्द मानतो की नाही. प्राप्तिकर ती मानत नाही. जीएसटी, व्यवसाय कर आणि वाहन कर मात्र ती अगदी काटेकोरपणे मानतात. खाली दिलेले प्राप्तिकराचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असला, तरी २०२५-२६ मधील उत्पन्नाचा हिशेब १९६१ च्या कायद्यानेच होतो.

घर बेळगावात आणि नोकरी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. प्राप्तिकर कोणत्या राज्यात भरायचा?

प्राप्तिकर केंद्र सरकारचा असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. पॅनवरील पत्ता बेळगावचा असो वा चंदगडचा, दर, सवलती आणि मुदती सारख्याच असतात. मालकाने पगारातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि तो फॉर्म २६एएस व वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, यांत दिसतो. विवरणपत्र भरण्याआधी हे दोन्ही कागद पोर्टलवरून उतरवून स्वतःच्या हिशेबाशी ताडून पाहावेत. वर्षाच्या मध्यात एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात गेलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण दोन्ही मालक प्रमाणित वजावट आणि करमुक्त टप्पा स्वतंत्रपणे धरतात आणि दोन्ही फॉर्म १६, म्हणजे मालकाने दिलेली पगार व करकपातीची प्रमाणपत्रे, एकत्र केल्यावर अनपेक्षितपणे कर भरावा लागतो.

मग व्यवसाय कर दोन्ही राज्ये कापतील का?

नाही. पगारपत्रकावर पीटी म्हणून दिसणारा हा कर राज्याचा आहे आणि तुम्ही जिथे काम करता त्या राज्याचा नियम लागतो. कर्नाटकात मासिक पगार २५,००० रुपये किंवा त्याहून अधिक असेल तरच तो कापला जातो. त्याचा दर दरमहा २०० रुपये असून एप्रिल २०२५ पासून फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला एकूण २,५०० रुपये होतात. महाराष्ट्रात पुरुषांना १०,००० रुपयांच्या वर पगार गेला की हीच पूर्ण रक्कम लागू होते, तर महिलांना २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. त्यामुळे १८,००० रुपये पगाराच्या कामगाराला बेळगावच्या उद्यमबागेत काहीच कापले जात नाही आणि काही किलोमीटरवरच्या शिनोळीत दरमहा २०० रुपये कापले जातात. ही मालकाची चूक नसून दोन कायद्यांतला फरक आहे. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे.

बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात. मग विवरणपत्र कशाला भरायचे?

बारा लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त आहे असे म्हणणे नेमके नाही. नव्या पद्धतीत, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नसलेल्या पर्यायात, करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के अशी आकारणी होते आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यास ६०,००० रुपयांपर्यंतच्या सवलतीने तो कर शून्य होतो. ही सवलत घ्यायची तर विवरणपत्र भरावेच लागते. पगारदारांना आणि निवृत्तिवेतनधारकांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्याने त्यांची रेषा १२,७५,००० रुपयांवर जाते. उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेले तर सीमांत सवलत मिळते, म्हणजे जास्तीच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त होत नाही. शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला मात्र ही ६०,००० रुपयांची सवलत लागत नाही. डिमॅट खाते उघडलेल्या तरुण नोकरदारांची इथे हमखास फसगत होते.

उत्पन्न ४ लाखांच्या आत असले तरी काही जणांना विवरणपत्र सक्तीचे असते. वर्षभरात एक लाखाहून अधिक वीजबिल भरले, परदेश प्रवासावर दोन लाखांहून अधिक खर्च केला, धंद्याची उलाढाल ६० लाखांवर गेली किंवा २५,००० रुपये वा अधिक टीडीएस कापला गेला, तर ते भरावेच लागते.

पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै असते. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत गेली, पण मुदतवाढ मिळेलच असे गृहीत धरू नये. उशीर झाल्यास ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर १,००० आणि त्यापुढे ५,००० रुपये विलंब शुल्क लागते.

जुनी पद्धत अजून कोणाला परवडते?

मोठे गृहकर्ज, भरपूर विमा, भविष्य निर्वाह निधी आणि घरभाडे भत्ता असे सगळे एकत्र असणाऱ्यांनाच. इतरांनी नव्या पद्धतीत गणित मांडून पाहिले तर बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो.

माझी ऊसशेती आहे आणि मी शिक्षकही आहे. शेतीचे उत्पन्न दाखवले नाही तर चालेल का?

चालणार नाही. शेतीउत्पन्नावर प्राप्तिकर नाही हे खरे, परंतु निव्वळ शेतीउत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर इतर उत्पन्नाचा दर ठरवण्यासाठी शेतीउत्पन्न हिशेबात धरले जाते. समजा, वजावटीनंतर पगाराचे उत्पन्न १० लाख आणि उसाचे निव्वळ उत्पन्न ५ लाख आहे. नव्या पद्धतीत १५ लाखांवरचा कर १,०५,००० रुपये होतो. त्यातून शेतीचे ५ लाख अधिक करमुक्त ४ लाख, अशा ९ लाखांवरचा ३०,००० रुपये कर वजा केला की ७५,००० रुपये उरतात. त्यातून ६०,००० रुपयांची सवलत गेली तरी १५,००० रुपये आणि ४ टक्के उपकर मिळून १५,६०० रुपये भरावे लागतात. पगार बारा लाखांच्या आत म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाला हा आकडा पटत नाही, पण हिशेब असाच आहे. शेतीउत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असल्यास सहज किंवा सुगम नावाचे सोपे फॉर्म चालत नाहीत.

दूध, कुक्कुटपालन आणि ट्रॅक्टरचे भाडे ही शेती धरली जात नाही. गुऱ्हाळाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. ऊस कापून आहे तसा विकता येतो, त्याला बाजार आहे, म्हणून त्यापुढे गूळ करण्याच्या प्रक्रियेतला नफा संपूर्णपणे शेतीचा मानला जात नाही. उसाच्या बाजारभावापुरते उत्पन्न शेतीचे आणि त्यावरचे धंद्याचे, अशी विभागणी ठेवणे सुरक्षित असते.

गावाकडची जमीन विकली तर कर लागतो का?

ती शेतजमीन नगरपालिका वा महापालिकेच्या हद्दीपासून किती दूर आहे यावर ते अवलंबून आहे. लोकसंख्या एक ते दहा लाखांच्या दरम्यान असलेल्या बेळगावसारख्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली जमीन करपात्र ठरते. निपाणीसारख्या, दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावाला हे अंतर २ किलोमीटर आहे. अंतर रस्त्याने मोजले जात नाही, त्यामुळे ‘वळसा घालून आठ किलोमीटर होते’ हा युक्तिवाद टिकत नाही. जमीन या हद्दीत असेल, तर विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन सवलत मिळवण्याची वाट उरते.

सोसायटीतल्या ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला नाही. म्हणजे ते करमुक्त ना?

हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे. सहकारी पतसंस्था आपल्या सभासदांना देत असलेल्या व्याजावर बहुधा टीडीएस कापत नाहीत, कारण ठरावीक उलाढालीपर्यंतच्या संस्थांना कायद्याने तशी मुभा आहे. व्याज मात्र करपात्रच राहते. पिग्मीचे व्याजही त्यात आले. बँकांत व्याज वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाखाच्या आत असेल तर टीडीएस होत नाही, तरीही ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचेच असते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो. निवृत्तिवेतनावर कर आहे का?

सेवा निवृत्तिवेतन पगाराप्रमाणे करपात्र आहे आणि त्यावर ७५,००० रुपयांची वजावट मिळते. परमवीर, महावीर आणि वीर चक्र विजेत्यांचे निवृत्तिवेतन, तसेच सेवेतील अपंगत्वामुळे सेवामुक्त झालेल्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतन करमुक्त आहे. पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर उत्पन्न’ या सदरात येते आणि नव्या पद्धतीत त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतली कमी रक्कम वजा होते. निवृत्तीनंतर दुकान टाकले असल्यास त्याचे उत्पन्न वेगळे दाखवावे.

लहान दुकानदाराने हिशेबाच्या वह्या ठेवल्याच पाहिजेत का?

उलाढाल २ कोटींच्या आत असेल, किंवा रोखीची जमा ५ टक्क्यांहून जास्त नसल्यास ३ कोटींच्या आत असेल, तर अनुमानित नफ्याची पद्धत घेता येते. त्यात बँकेतून वा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोख जमेच्या ८ टक्के इतका नफा धरतात. बेळगावच्या शहापुरातल्या एखाद्या साडीविक्रेत्याची उलाढाल ३० लाख असून त्यातले २० लाख यूपीआयने आले, तर नफा १,२०,००० अधिक ८०,००० असा २ लाख रुपये धरला जाईल. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा. या पद्धतीत आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो.

बाजार समितीतल्या अडतदारांनी मात्र लक्षात ठेवावे, की दलाली आणि अडत यांना ही सोय नाही.

रोखीच्या मर्यादाही पाळाव्या लागतात. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. एकाच पुरवठादाराला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास, नफा वह्यांवरून काढणाऱ्यांना तो खर्च वजा मिळत नाही.

जीएसटी नोंदणी कधी लागते? यूपीआयवर ४० लाख जमा झाले म्हणजे नोटीस येणारच का?

फक्त माल विकणाऱ्यांना वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते. ही मर्यादा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात सारखीच आहे. उलाढालीत करमुक्त मालही मोजतात, त्यामुळे सुटी ज्वारी आणि साबण दोन्ही विकणाऱ्या किराणा दुकानदाराने दोन्हींची बेरीज पाहावी. केवळ भाजी, दूध यांसारखा करमुक्त माल विकणाऱ्यांना आणि स्वतःच्या शेतातले पीक विकणाऱ्या शेतकऱ्यांना नोंदणीची सक्ती नाही.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमा रकमांवरून राज्यभरातल्या छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीतल्या एका भाजीविक्रेत्याला सुमारे २९ लाखांची मागणी आल्याने त्यांची बरीच चर्चा झाली. पुढे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुनी थकबाकी वसूल न करता व्यापाऱ्यांना नोंदणी करायला लावण्याची भूमिका जाहीर केली. नोटिसा आल्या तेव्हा अनेकांनी दुकानातला क्यूआर कोड काढून टाकला. माझ्या मते तो उपाय चुकीचा होता, कारण उलाढाल रोखीतही उलाढालच असते आणि वर रोख जमेवर ६ ऐवजी ८ टक्के नफा धरला जातो. त्यापेक्षा धंद्याचे आणि घरचे बँक खाते वेगळे ठेवावे. भावाने पाठवलेले पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच खात्यात आले, की त्यांतला फरक सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते.

निपाणीहून महाराष्ट्रातल्या कागलला माल पाठवतो. अर्ध्या तासाचे अंतर आहे, तरी परराज्य धरतात का?

धरतात, आणि सीमाभागातल्या व्यापाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. निपाणीहून बिदरला गेलेला माल राज्यांतर्गत आणि कागलला गेलेला आंतरराज्य ठरतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असला, तरी जीएसटी क्रमांकाच्या सुरुवातीचे कर्नाटकाचा २९ आणि महाराष्ट्राचा २७ हे आकडे आजच्या हद्दीप्रमाणेच चालतात.

यातून चार परिणाम होतात. करपात्र मालाची एकदाही परराज्यात विक्री केली, तर उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी नोंदणी बंधनकारक होते. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंसारखे मोजके अपवाद आहेत. दुसरे, बिलात केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी अशा दोन भागांऐवजी आंतरराज्य विक्रीचा एकच आयजीएसटी लावावा लागतो. तिसरे, दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्यांसाठी असलेली, विक्रीवर १ टक्का कर देऊन मोकळे होण्याची कंपोझिशन योजना परराज्यात माल विकणाऱ्याला मिळत नाही. चौथे, मालाची किंमत ५०,००० रुपयांवर असल्यास ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा विक्रीकराचे तपासणी नाके उठले, म्हणून सीमेवरच्या कोगनोळीला आता कोणी विचारत नाही असे समजणाऱ्यांना फिरती पथके वाटेत गाठतात.

उलट दिशेने चिंता कमी आहे. कोल्हापूरहून खरेदी केली म्हणून नोंदणी लागत नाही आणि कंपोझिशनही जात नाही. सेवा देणाऱ्यांनाही परराज्यात काम केले तरी २० लाखांपर्यंत सूट आहे.

नोंदणी असलेल्यांना खरेदीच्या आयजीएसटीचे पूर्ण क्रेडिट, म्हणजे आपल्या देय करातून तेवढी वजावट, मिळते. पण व्यापाराच्या कामासाठी कोल्हापुरात लॉजवर मुक्काम केला, तर त्या बिलावर महाराष्ट्राचा एसजीएसटी असतो आणि बेळगावच्या नोंदणीवर त्याचे क्रेडिट मिळत नाही.

चंदगडचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावात येतात. ती विक्री परराज्यातली का?

गिऱ्हाईक दुकानात येऊन माल घेऊन गेले आणि बिलावर पत्ता लिहिला नाही, तर ती कर्नाटकातली विक्री ठरते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे, की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर असेल तर पुरवठ्याचे ठिकाण त्या पत्त्यानुसार ठरते, आणि पत्ता म्हणून नुसते राज्याचे नाव असले तरी ते पुरेसे होते. ५०,००० रुपये वा त्याहून मोठ्या करपात्र बिलावर नाव-पत्ता लिहिणे सक्तीचे आहे. म्हणजे ऐंशी हजारांच्या बस्त्यावर चंदगडचा पत्ता येणार आणि आयजीएसटी लागणार. एकूण रक्कम तीच राहते, पण विवरणपत्रात ती चुकीच्या रकान्यात गेली की पुढे दुरुस्तीचा व्याप होतो. कंपोझिशनमधल्या दुकानदारांनी अशी मोठी बिले करण्याआधी आपल्या सल्लागाराशी बोलावे.

एक दुकान निपाणीत, एक कागलमध्ये. एकच नोंदणी पुरेल का?

नाही, प्रत्येक राज्यात स्वतंत्र नोंदणी लागते. पॅन एकच असला तरी दोन नोंदण्या म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोन व्यक्ती. म्हणून आपल्याच एका दुकानातून दुसऱ्या दुकानात माल हलवला तरी आयजीएसटीचे बिल करावे लागते. उलाढालीची मर्यादा मात्र दोन्ही दुकाने मिळून मोजतात.

फौंड्रीतले कास्टिंग मशिनिंगसाठी शिनोळीला पाठवतो. कर लागतो का?

जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून परत आणण्यासाठी, पाठवलेल्या मालावर कर लागत नाही, डिलिव्हरी चलन पुरते. पण आंतरराज्य जॉबवर्कला किमतीची कोणतीही किमान मर्यादा नाही. पाच हजारांचा माल असला तरी ई-वे बिल काढावे लागते, आणि हे माहीत नसल्याने टेम्पो अडवला जातो. माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असे धरून कर लागतो.

निपाणीत शेतकऱ्याकडून तंबाखू घेतो. कर कोणी भरायचा?

तंबाखूच्या पानांवरचा ५ टक्के कर शेतकरी भरत नाही. तो नोंदणीकृत खरेदीदाराने रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी स्वतः, आधीचे क्रेडिट न वापरता भरायचा असतो आणि नंतर त्याचे क्रेडिट घेता येते. खरेदीचे बिलही खरेदीदारानेच स्वतः करायचे असते.

गाळ्याचा मालक नोंदणीकृत नाही. भाड्यावर जीएसटी?

भाडेकरू नोंदणीकृत असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून १८ टक्के कर त्याने रिव्हर्स चार्जने भरायचा. कंपोझिशनवाल्यांना यातून वगळले आहे.

घरपट्टी कधी भरावी?

बेळगाव महापालिकेच्या हद्दीत ती स्वयं-आकारणीने भरतात आणि एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सूट असते. चलन कन्नडमध्ये असते, म्हणून मालमत्ता क्रमांक आणि क्षेत्रफळ आपल्या उताऱ्याशी जुळवून पाहावे.

कोल्हापूरची, म्हणजे एमएच ०९ ची, गाडी बेळगावात कायम वापरली तर?

बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ती इथे राहिली तर कोल्हापूरच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणून बेळगावच्या केए २२ वर नोंदणी करावी आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरावा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या काळाचा परतावा तिथे वेगळा अर्ज करून मागावा लागतो. या परताव्यासाठी फेऱ्या बऱ्याच होतात, तेव्हा जुनी गाडी घेताना त्याचा विचार आधीच करावा.

नोटीस आली. काय करावे?

प्रथम ती खरी आहे का ते पाहावे. प्राप्तिकर आणि जीएसटी या दोन्ही पोर्टलांवर नोटिशीवरचा क्रमांक टाकून पडताळणी होते. सदोष विवरणपत्राच्या सूचनेला सहसा १५ दिवस, तर जीएसटीच्या बहुतेक नोटिसांना ३० दिवस मिळतात. उत्तर नेहमी पोर्टलवरच द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. कार्यालयात तोंडी सांगून आल्याची कुठेच नोंद राहत नाही. कागद जमवायला वेळ लागणार असेल, तर मुदत संपण्याआधी पोर्टलवरूनच मुदतवाढ मागावी.